जुनी विजेची मोटार आणि सत्पात्री दान



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना थोडे नवल वाटले असेल. मोटार विकत घेणे आपल्या परिचयाचे आहे, ती विकणेही परिचयाचे आहे. परंतु वापरलेली मोटार धर्मादाय संस्थेला देऊन टाकावयाची, आणि तीही विजेवर चालणारी, हा प्रकार आपल्याकडे अजून रूढ नाही. अमेरिकेत मात्र तो नित्य व्यवहारातला आहे. तेथे रेडिओवर, रस्त्याकडेच्या फलकांवर "तुमची जुनी गाडी आम्हांला द्या" असे आवाहन करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आणि न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्याच मराठी कुटुंबांपुढेही, नवी गाडी दारात आली की जुनीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. विजेच्या मोटारी बाजारात येऊन आता पंधरा वर्षे होऊन गेली. त्यांची पहिली पिढी म्हातारी झाली आहे. तेव्हा या म्हाताऱ्या गाड्यांचे दान कोणाच्या उपयोगी पडते, किती उपयोगी पडते आणि ते कसे केले असता दान या नावाला शोभेल, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

जुन्या वस्तूच्या दानाविषयी आपल्या परंपरेत एक फार जुनी आणि बोचक कथा आहे. कठोपनिषदातील नचिकेत्याचा पिता यज्ञात सर्वस्व दान करावयास निघाला. पण प्रत्यक्षात दिल्या त्या दूध आटलेल्या, थकलेल्या गाई. मुलाला ते खटकले, आणि पुढचे सगळे उपनिषद त्या खटकण्यातून निघाले. उलट बाजूने आपल्याकडे म्हणही आहे की, धर्माची गाय आणि दात का गे नाही? घेणाऱ्याने कुरकूर करू नये, हे म्हणीचे सांगणे. देणाऱ्याने निरुपयोगी वस्तू गळ्यात बांधू नये, हे कथेचे सांगणे. दोन्ही खरी आहेत. जुन्या मोटारीच्या दानाचा सगळा प्रश्न या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

प्रथम ही चाल अमेरिकेत कशी रुजली ते पाहू. वापरलेल्या वस्तूंतून लोकोपकार करण्याची कल्पना तेथे संघटित स्वरूपात आणणाऱ्यांत एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे नाव अग्रभागी आहे. १९०२ साली बोस्टन शहरात त्याने श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे व सामान गोळा केले, गरजू लोकांना मजुरी देऊन ते दुरुस्त करविले आणि स्वस्तात विकले. आजची 'गुडविल' ही प्रचंड संस्था त्यातूनच वाढली. यातील मर्म ध्यानात घ्यावे. वस्तू जुनी होती, पण तिच्यावर श्रम झाले, त्या श्रमाची मजुरी गरिबाला मिळाली आणि शेवटी वस्तूही गरिबालाच परवडेल अशा किमतीत मिळाली. दानाचा उपयोग दोन ठिकाणी झाला. पुढे १९१७ साली अमेरिकन आयकरात धर्मादाय देणगीची वजावट आली. वस्तूच्या देणगीलाही ही वजावट मिळू लागली, आणि मग मोटारीसारखी किमती वस्तू देण्यात परोपकाराबरोबर स्वतःचा करही वाचतो हे लोकांच्या लक्षात आले.

व्यवहार कसा चालतो ते सांगतो. दाता दूरध्वनी करतो. एक ओढगाडी येऊन मोटार घेऊन जाते. बहुतेक वेळा ही ओढगाडी संस्थेची नसते. मध्ये एक व्यापारी दलाल असतो. तो गाडी लिलावात विकतो, ओढणावळ, जाहिरात व आपली दलाली कापून घेतो आणि उरलेली रक्कम संस्थेला पाठवितो. दात्याच्या मनात चित्र असते ते असे की, आपली गाडी एखाद्या गरजू विधवेच्या दारात उभी राहिली आहे. वस्तुतः ती गेलेली असते भंगारवाल्याकडे किंवा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. यात मूलतः गैर काही नाही. संस्थेला पैसा हवा असतो, गाडी नव्हे. प्रश्न एवढाच की, दात्याच्या हातून जे सुटले त्यातले संस्थेच्या हातात किती पडले?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये दिले. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी मोटारींच्या दानाबद्दल वजावट मागितली होती, आणि त्यांनी आपल्या गाड्यांची स्वतःच ठरविलेली किंमत मिळून अडीच अब्ज डॉलर भरत होती. सरकारी तिजोरीचे त्यामुळे सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलर कमी झाले. तपासनिसांनी ५४ गाड्या निवडून त्यांचा शेवटपर्यंत माग काढला, तेव्हा असे आढळले की, त्यांतल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दात्याने सांगितलेल्या किमतीच्या शेकडा ५ किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेला मिळाली. १९८३ सालच्या एका ट्रकचे उदाहरण त्या अहवालात दिले आहे. दात्याने वजावट मागितली २,९१५ डॉलरांची. लिलावात ट्रक गेला ३७५ डॉलरांना. आणि खर्च व वाटण्या होऊन संस्थेच्या पदरात पडले साडेएकतीस डॉलर!

आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे असे म्हणतात. येथे हलवाई म्हणजे सरकारी तिजोरी. दाता खूश, दलाल खूश. तुळशीपत्र मात्र जनतेच्या मिठाईवर. हे लक्षात आल्यावर काँग्रेसने २००४ साली कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नवा नियम लागू झाला. आता गाडीबद्दल पाचशे डॉलरांहून अधिक वजावट मागावयाची, तर संस्थेने ती गाडी प्रत्यक्ष जेवढ्याला विकली तेवढीच रक्कम धरता येते. विक्रीनंतर तीस दिवसांच्या आत संस्थेने तसा लेखी दाखला दात्याला द्यावा लागतो. या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत ते असे: संस्थेने गाडी विकण्याऐवजी आपल्या कार्यासाठी भरीव प्रमाणात वापरली, किंवा तिच्यात मोठी दुरुस्ती करून तिची किंमत वाढविली, किंवा धर्मादाय कार्य म्हणून गरजू माणसाला ती फुकट वा बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिली, तर दात्याला गाडीचा रास्त बाजारभाव वजावटीस धरता येतो. कायद्याचा कल यावरून स्पष्ट होतो. गाडी गाडी म्हणून गरिबाच्या किंवा कार्याच्या उपयोगी पडली, तर दात्याला अधिक श्रेय. ती केवळ बाजारात गेली, तर बाजाराने दिले तेवढेच.

आता यात दात्याचे गणित कसे बसते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका गृहस्थाची जुनी विजेची मोटार आहे. स्वतः गिऱ्हाईक शोधून विकली तर तिला ४,००० डॉलर येतील. त्याने ती दलालामार्फत दान केली आणि लिलावात ती २,५०० डॉलरांना गेली. खर्च व दलाली यांत समजा ७५० डॉलर गेले; संस्थेला मिळाले १,७५०. दात्याच्या उत्पन्नाच्या शेवटच्या टप्प्यावर कराचा दर शेकडा २२ असेल तर त्याचा कर ५५० डॉलरांनी कमी झाला. म्हणजे ४,००० ची वस्तू देऊन त्याला स्वतःला झीज लागली ३,४५० डॉलरांची. आता त्याच गृहस्थाने थोडी तसदी घेऊन गाडी स्वतः विकली आणि आलेले ४,००० डॉलर रोख देणगी म्हणून दिले, तर संस्थेला पुरे ४,००० मिळाले, त्याचा कर ८८० डॉलरांनी कमी झाला आणि त्याची झीज झाली ३,१२० डॉलरांची. स्वतःची झीज कमी, आणि संस्थेला मिळाले दुपटीहून अधिक! मधल्या चार आठवड्यांच्या कटकटीचे मोल एवढे आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती क्वचितच ठळकपणे असते. ही वजावट मिळते ती केवळ खर्चांची तपशीलवार यादी देऊन कर भरणाऱ्यालाच. २०१८ पासून अमेरिकेत सरसकट मिळणारी ठोक वजावट एवढी वाढली आहे की, दहापैकी सुमारे नऊ करदाते यादी देतच नाहीत. २०२५ या वर्षासाठी ही ठोक वजावट विवाहित जोडप्याला ३१,५०० डॉलर होती. अशा जोडप्याने गाडी दान केली, तर करात त्याचा एक पैही फायदा नाही. २०२६ पासून यादी न देणाऱ्यांनाही थोडी सवलत आली, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरांपर्यंत. पण ती केवळ रोख देणगीवर, वस्तूवर नाही. उलट यादी देणाऱ्यांना त्याच वर्षापासून उत्पन्नाच्या शेकडा अर्ध्यापर्यंतच्या देणग्यांची वजावट मिळेनाशी झाली. तात्पर्य, कर वाचेल म्हणून गाडी दान करणाराने आधी आपला कर कसा भरला जातो हे पाहावे. आणि दान करावयाचेच म्हणून करणाराने कराचा विचार बाजूला ठेवून संस्थेला काय मिळेल एवढेच पाहावे.

येथवर जे सांगितले ते पेट्रोलच्या मोटारीलाही लागू आहे. विजेच्या मोटारीने यात नवे काय आणले?

पेट्रोलची जुनी गाडी कशी आहे हे अनुभवी मिस्त्री तिचा आवाज ऐकून, धूर पाहून, तेलाची कांडी काढून सांगतो. विजेच्या गाडीत आवाज नाही, धूर नाही आणि इंजिनाचे तेलही नाही. तिची मोटर वर्षानुवर्षे टिकते. झिजते ती बॅटरी, आणि ती झीज डोळ्यांना दिसत नाही. या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात. चार्ज होताना व वापरताना लिथियमचे कण एका पटलातून दुसऱ्या पटलात ये-जा करतात. प्रत्येक खेपेस आणि नुसत्या काळाच्या ओघातही त्यांतले थोडे कण कायमचे अडकून पडतात. पाण्याच्या टाकीच्या तळाशी गाळ साचत जावा आणि टाकी तीच असून पाणी कमी मावावे, तसे हे होते. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने वाढते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे निस्सान कंपनीची लीफ ही गाडी. डिसेंबर २०१० मध्ये ती अमेरिकेत विक्रीस आली. बॅटरी २४ किलोवॅट-तासांची, आणि २०११ च्या गाडीचा सरकारी मोजणीचा पल्ला ७३ मैल. तिच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी द्रवाची व्यवस्था नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटी शहरांतील मालकांना आपल्या गाडीचा पल्ला अवेळी घटत असल्याचे दिसू लागले आणि पुष्कळ ओरड झाली. या गाडीच्या समोरच्या फलकावर बॅटरीची धारणशक्ती दाखविणाऱ्या बारा पट्ट्या असतात. पहिली पट्टी विझते तेव्हा सुमारे १५ टक्के शक्ती गेलेली असते. पुढची प्रत्येक पट्टी सुमारे सव्वासहा टक्क्यांची. चार पट्ट्या विझल्या, की सुमारे ६६ टक्के शक्ती उरली असे समजावे. म्हणजे ७३ मैलांचे सुमारे ४८ मैल झाले. आणि कडाक्याच्या थंडीत गाडी उबदार ठेवावयाची, तर तेही चाळीसच्या खाली येऊ शकतात.

म्हणूनच, एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, सारख्याच मैल धावलेल्या दोन विजेच्या गाड्या शेजारी उभ्या असल्या, तरी एक थंड हवेच्या सिॲटलमध्ये राहिलेली आणि दुसरी ॲरिझोनात भाजून निघालेली असेल, तर त्यांचे मोल अगदी निराळे. लिलावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला हे पारखण्यास सवड नसते. ज्याची पारख करता येत नाही त्याची किंमत व्यापारी वाईटात वाईट धरून करतो. परिणाम असा की, चांगल्या बॅटरीची गाडी दान करणाऱ्याचे सर्वांत अधिक नुकसान होते. यावर उपाय सोपा आहे. गाडीच्या निदान-जोडणीला एक लहानसे यंत्र लावून बॅटरीची शिल्लक शक्ती वाचता येते. तो अहवाल कागदावर काढून गाडीबरोबर द्यावा. बॅटरीच्या हमीची मुदत तपासावी; अमेरिकेत बहुतेक विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख मैल अशी हमी असते आणि सामान्यतः ती पुढच्या मालकाकडे चालू राहते. गाडीत एक लहान बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही आणि अजाण माणूस तिला भंगार समजतो. शे-दीडशे डॉलरांची ती बॅटरी बदलून दिली, तर दानाचे मोल कितीतरी वाढेल. चार्जिंगची दोरी गाडीतच ठेवावी, आपल्या फोनवरून गाडीशी असलेले खाते तोडावे, आणि ओढून नेणाऱ्यास गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी असे बजावावे. कारण चालती चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास मोटरची व तिच्या यंत्रणेची हानी होते.

आता घेणाराकडे वळू, कारण दानाची खरी कसोटी तेथे लागते. अमेरिकेत फार थोडी शहरे सोडली, तर मोटारीवाचून माणसाला नोकरी टिकविता येत नाही. आपल्याकडे एस. टी. आहे, लोकल आहे, शेअर रिक्षा आहे. तेथील खेड्यात किंवा उपनगरात रात्रपाळीच्या परिचारिकेला बारा मैलांवरच्या रुग्णालयात जावयाचे, तर गाडी हवीच. हे ओळखून काही संस्थांनी लिलावाचा मार्ग सोडून गाड्या दुरुस्त करून गरजूंना देण्याचे व्रत घेतले. व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन येथे हॅल कोलस्टन यांनी १९९६ साली 'गुड न्यूज गॅरेज' सुरू केले. मेरीलँडमध्ये १९९९ साली 'व्हेइकल्स फॉर चेंज' ही संस्था निघाली. हेल्म्सच्या बोस्टनमधील कल्पनेचाच हा मोटारीच्या युगातला अवतार म्हणता येईल.

अशा संस्थेकडून एखाद्या गरीब कुटुंबाला विजेची गाडी मिळाली, तर ती वरदान ठरेल की लोढणे? उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: रात्री गाडी उभी राहते तेथे विजेची जोडणी आहे की नाही. हिशेब करून पाहू. एका युनिटवर अशी गाडी सुमारे साडेतीन मैल जाते. घरगुती विजेचा दर युनिटला १७ सेंट धरला, तर मैलाला खर्च पाच सेंट. पेट्रोलची जुनी गाडी एका गॅलनवर २५ मैल देते आणि गॅलनचा भाव सव्वातीन डॉलर आहे असे धरले, तर मैलाला तेरा सेंट. वर्षाला दहा हजार मैल चालणाऱ्या कुटुंबाचे आठशे डॉलर वाचले. शिवाय इंजिनाचे तेल बदलणे नाही, धुराची नळी गंजणे नाही. पण ज्या कुटुंबाकडे घरचे जोडणीस्थान नाही, त्याला रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर जावे लागते. तेथे युनिटला पन्नास सेंट पडले, तर मैलाला चौदा सेंट खर्च येतो. सगळा फायदा गेला, वर तेथे तासभर खोळंबा. त्यातून पहिल्या लीफ गाड्यांची जलद चार्जिंगची जोडणी जुन्या पद्धतीची आहे, आणि तशा जोडणीची नवी केंद्रे आता अमेरिकेत फारशी निघत नाहीत.

आणि गंमत, किंबहुना खंत, अशी की, गरीब माणूस बहुधा भाड्याच्या सदनिकेत राहतो. ज्याच्यापाशी स्वतःचे घर, स्वतःचे गॅरेज आणि भिंतीत स्वतःचे प्लग आहे, त्यालाच विजेची गाडी सर्वांत स्वस्त पडते. तेव्हा ही गाडी देणाऱ्या संस्थेने घेणाऱ्याचे उत्पन्न विचारण्याआधी त्याचा प्लग विचारला पाहिजे. साधा १२० व्होल्टचा प्लग असला तरी पुष्कळ. रात्रीच्या दहा तासांत त्यावर सुमारे चाळीस मैलांची वीज भरते. बारा मैलांवरच्या रुग्णालयात जाऊन येणाऱ्या त्या परिचारिकेला, अंगणात प्लग असेल तर, ६६ टक्के बॅटरीची जुनी लीफ खुशाल पुरेल. पन्नास मैलांवर काम करणाऱ्या सुताराला तीच गाडी रस्त्यात दगा देईल. पात्र पाहून दान द्यावे असे आपले पूर्वज म्हणत, ते केवळ पात्राच्या गुणांविषयी नव्हे. वस्तू आणि पात्र यांचा मेळ बसला पाहिजे, असाही त्याचा अर्थ आहे. एक काळ वापरलेली विजेची गाडी विकत घेणाऱ्या मध्यम व कमी उत्पन्नाच्या कुटुंबास अमेरिकन सरकार ४,००० डॉलरांपर्यंत करसूट देत असे; ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती बंद झाली. त्यामुळे अशा नेमक्या जागी पडणाऱ्या दानाची गरज आता कमी झालेली नाही, वाढली आहे.

विजेच्या मोटारीच्या दानाचा एक जुना प्रसंग या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९९६ साली ईव्ही-१ नावाची विजेची मोटार कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील गिऱ्हाइकांना भाड्याने दिली. विकली एकही नाही. एकूण १,११७ गाड्या बनल्या. चालविणाऱ्यांना त्या अतिशय आवडल्या. पण कंपनीने प्रकल्प गुंडाळला, करार संपताच गाड्या परत घेतल्या, विकत मागणाऱ्यांना नकार दिला आणि बहुतेक सर्व गाड्या चिरडून टाकल्या. सुमारे चाळीस गाड्या मात्र तिने संग्रहालयांना व विद्यापीठांना दान केल्या. दान करताना त्यांची चालकयंत्रणा निकामी करून ठेविली आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणू नयेत अशी अट घातली. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाला तेवढी एक पूर्ण गाडी मिळाली. प्राण काढून घेऊन केलेले दान ते हे! तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या निर्जीव गाड्या उघडून पाहण्यात, जोडण्यात, समजून घेण्यात विद्यार्थ्यांच्या हाती ज्ञान तर पडलेच. यावरून दानाचा आणखी एक मार्ग सुचतो. ज्या गाडीची बॅटरी गरजू कुटुंबाच्या कामाची उरली नाही, ती तंत्रशाळेच्या फार कामाची असते. नारिंगी रंगाच्या जाड तारांतून तीन-चारशे व्होल्टची वीज वाहणारी यंत्रणा सुरक्षितपणे कशी हाताळावी, हे शिकण्यास विद्यार्थ्याला खरी गाडी लागते, आणि नवी गाडी उघडण्यास कोणी देत नाही.

यापुढेही एक पायरी आहे. गाडी ओढण्याच्या कामी थकलेली बॅटरी एका जागी बसून वीज साठविण्यास पुष्कळ वर्षे चालते; शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा टांग्याला चालावा तसे. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ क्रीडागारात २०१८ साली लीफच्या १४८ बॅटऱ्यांइतका साठा बसविण्यात आला, त्यात काही बॅटऱ्या नव्या व काही वापरलेल्या आहेत. जपानात फुकुशिमा प्रांतातील नामिए या गावी त्याच वर्षी लीफच्या जुन्या बॅटऱ्या निवडून, जुळवून पुन्हा वापरात आणणारा कारखाना निघाला. अगदी शेवटी बॅटरी वितळवून व विरघळवून तिच्यातील निकेल, कोबाल्ट, लिथियम आणि तांबे परत मिळविता येतात. म्हणजे येथे निरुपयोगी गाय अशी नाहीच. आहे ते अयोग्य ठिकाणी गेलेले दान. मात्र फुटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पेट घेऊ शकते. अशी गाडी धर्मादाय संस्थेच्या अंगणात नेऊन सोडणे म्हणजे दान नव्हे, आपली बला दुसऱ्यावर ढकलणे होय. तिला जाणत्या पुनर्वापर-कारखान्याकडेच पाठविली पाहिजे.

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळ येत आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी होती. २०२८ साली त्यातील पहिल्या गाड्यांची हमी संपेल. पुणे, नाशिक, नागपूर येथील अनेक घरांपुढे तोच प्रश्न उभा राहील. आपल्याकडे कराचे आमिष मुळात नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमाने सवलत ठेविली ती पैशाच्या देणगीला, वस्तूच्या नाही. मला स्वतःला यात तोटा दिसत नाही. अमेरिकेला २००४ साली जे निस्तरावे लागले, ते आपल्याकडे निर्माणच होणार नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, हेही चांगले झाले. एक सावधगिरी मात्र आपल्या दात्यांनी अवश्य बाळगावी. गाडी दिली, किल्ली दिली, नारळ फोडला, की आपले कर्तव्य संपले असे समजू नये. नोंदणीपुस्तकावरचे नाव २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरून बदलून घेतले पाहिजे. कागदोपत्री ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. पुढे अपघात झाला तर भरपाईचा दावा दात्याच्या दाराशी येईल.

आता समारोप. जुनी विजेची मोटार देऊ इच्छिणाऱ्याने स्वतःला व संस्थेला चार प्रश्न विचारावेत. पहिला, तुम्ही ही गाडी विकणार, वापरणार की कोणाला देणार? दुसरा, विकणार असाल तर शंभरातले किती तुमच्या कार्याला पोहोचतील? तिसरा, कोणाला देणार असाल तर त्याच्या दारात प्लग आहे काय आणि त्याचे रोजचे अंतर किती? चौथा, बॅटरी कामातून गेलीच तर ती तुम्ही कोठे पाठवाल? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी संस्था सापडली, तर निःशंकपणे गाडी द्यावी. न सापडली, तर गाडी स्वतः विकून पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही. आणि विकण्याइतकेही त्राण गाडीत नसेल, तर जवळच्या तंत्रशाळेचे दार ठोठवावे.

दारातली जागा मोकळी व्हावी म्हणून दिलेली वस्तू आणि दुसऱ्याच्या दारात उपयोगी पडावी म्हणून दिलेली वस्तू बाहेरून एकसारखीच दिसते. दोहोंत अंतर असते ते बॅटरीचा कागद काढणे, बारा व्होल्टची बॅटरी बदलणे, चार ठिकाणी चौकशी करणे, अशा दोन-चार दिवसांच्या श्रमाचे. गाडी जुनी असली तरी हे श्रम ताजे असतात, आणि तेवढे केले म्हणजे घेणाऱ्याला गाईचे दात मोजण्याची वेळ येत नाही.